कॅपिटल अक्षर आले कोठून?

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अर्जुनी मोरगाव तालुक्यात केशोरी हे गाव आहे. या भागातील जुन्या तलावांच्या पाण्याचे नमुने गोळा करण्यासाठी आमचे तेथे जाणे झाले. संध्याकाळी काही शिक्षक भेटायला आले. गप्पा तलावांवरून सुरू झाल्या आणि वळत वळत इंग्रजीच्या तासावर आल्या. पाचवीला शिकवणाऱ्या एका बाई म्हणाल्या, "सर, वह्या तपासताना माझी सर्वांत जास्त लाल शाई कॅपिटलवर जाते. मुले गावाचे नाव लहान अक्षराने लिहितात आणि वाक्याच्या मधेच आंब्याला मोठे अक्षर देतात. परवा तर एका मुलीने विचारले, 'मॅडम, स्वतःसाठी लिहायचा आय नेहमी मोठा काढायचा, मग समोरच्यासाठी लिहायच्या यूचा वाय मोठा का नाही? मान तर आपण समोरच्याला देतो ना?' मी म्हटले, तसा नियम आहे. आता तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचे?"

त्या क्षणी आमच्याजवळही उत्तर नव्हते. आम्ही स्वतः मराठी माध्यमातून शिकलो. इंग्रजीच्या चारही लिप्या पट्टीने हात लाल होईपर्यंत गिरवल्या. पण एकाच अक्षराची दोन रूपे कशासाठी, हे ना आम्ही विचारले, ना कोणी सांगितले. परतल्यावर थोडी शोधाशोध केली. हाती जे लागले ते शिक्षक मित्रांपुढे ठेवतो आहोत. सोयीसाठी कॅपिटलला मोठे अक्षर आणि स्मॉलला लहान अक्षर म्हणू.

बहुतेक लिप्यांत हा भेद नाही

प्रथम एक गोष्ट लक्षात घेऊ. त्या मुलीला पडलेले कोडे जगातील कोट्यवधी मुलांना पडते, कारण जगातील बहुतेक लिप्यांत मोठे आणि लहान अक्षर असा भेदच नाही. देवनागरीत नाही, तमिळ, बंगाली, उर्दूत नाही, अरबी, हिब्रू, चिनी, जपानीत नाही. रोमन, ग्रीक, रशियन भाषेची सिरिलिक आणि आर्मेनियन अशा मोजक्या लिप्यांमध्येच तो प्रामुख्याने आढळतो.

दूर जाण्याचीही गरज नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातच गोठणगाव-प्रतापगड परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्यांची लिपी परंपरेनुसार सातव्या शतकात भारतीय लिपीवरून घडवली गेली. तिची दोन वळणे आहेत. एकात अक्षराला आपल्या शिरोरेषेसारखे डोके असते, ते ग्रंथांसाठी. दुसऱ्यात डोके नसते, ते भरभर लिहिण्यासाठी. पण एकाच शब्दात पहिले अक्षर डोक्याचे आणि बाकीची बिनडोक्याची, असे कोणी लिहीत नाही. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडी भाषेसाठी एक लिपी तयार केली. त्या काळी इंग्रजी राजवट होती, छापील इंग्रजी डोळ्यांसमोर होते. तरीही त्यांच्या लिपीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. भाषा लिहायला त्यांची गरज नसते, हे यावरून दिसते. मग युरोपला ती का लागली?

दोन लिप्यांची एक ओळ

खरे सांगायचे तर ती लागली नव्हती. ती इतिहासाच्या ओघात साचत गेली.

प्राचीन रोमन लोकांजवळ आजच्या मोठ्या अक्षरांची एकच वर्णमाला होती. रोममधील ट्रेजन या सम्राटाच्या विजयस्तंभावर, म्हणजे इ. स. ११३ मध्ये, कोरलेला लेख पाहिला तर सगळी अक्षरे सारख्या उंचीची, दोन समांतर रेषांत बसवलेली दिसतात. छिन्नीला सरळ रेघा सोप्या जातात. पण बोरूने चामड्यावर भरभर लिहू लागले की कोपरे गोल होतात, काही दांड्या वर जातात, काही खाली लोंबतात. शतकानुशतके असे लिहिता लिहिता वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळी वळणे तयार झाली आणि एका मठातील हस्तलिखित दुसऱ्या मठातील भिक्षूला वाचता येईना.

आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेन या राजाने आपल्या राज्यात शिक्षणाची घडी बसवायला घेतली. इंग्लंडमधील यॉर्कचा अल्क्विन हा विद्वान त्याचा सल्लागार होता. ७९६ पासून तो फ्रान्समधील तूर येथील मठाचा प्रमुख झाला. या काळात एक सुटसुटीत, गोलसर, शब्दाशब्दांत जागा सोडणारे वळण सर्वत्र पसरले. आजच्या लहान अक्षरांचे पूर्वज ते हेच. मात्र जुनी कोरीव अक्षरे टाकून दिली गेली नाहीत. ग्रंथाचे नाव, प्रकरणाचा मथळा, वाक्याचा आरंभ अशा मानाच्या जागी ती राहिली. मोठे अक्षर म्हणजे मुळात जुनी, भारदस्त लिपी आणि लहान अक्षर म्हणजे रोजच्या कामाची नवी लिपी.

मराठी वाचकाला हे चटकन समजेल असे उदाहरण आपल्याच घरात आहे. आपल्याकडेही दोन लिप्या शेजारी शेजारी नांदत होत्या. पोथी बाळबोधीत आणि दफ्तर मोडीत. शिवकालीन पत्रांचा मजकूर मोडीत असतो आणि त्यावर उमटवलेली संस्कृत राजमुद्रा देवनागरीत असते. एका कागदावर दोन लिप्या, एक मानाची आणि एक कामाची. आता कल्पना करा, की मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी प्रत्येक वाक्याचे आणि प्रत्येक नावाचे पहिले अक्षर बाळबोधीत काढायची प्रथा पाडली असती. तीनशे वर्षांनी आपली मुलेही 'केशोरी'चा 'के' बाळबोध आणि 'शोरी' मोडी असे गिरवत बसली असती आणि चुकले की गुण गमावत असती. युरोपात नेमके हेच घडले.

पुढे पंधराव्या शतकात छपाई आली. कंपोझिटर धातूचे खिळे दोन लाकडी केसांत मांडून ठेवत. मोठी अक्षरे वरच्या केसमध्ये, लहान अक्षरे हाताजवळच्या खालच्या केसमध्ये. इंग्रजीत आजही त्यांना 'अपर केस' आणि 'लोअर केस' म्हणतात. संगणकाच्या कळफलकावरही तेच शब्द राहिले, लाकडी केस मात्र गेल्या.

आणि तो 'आय'? जुन्या इंग्रजीत 'मी'साठी 'इच्' असा शब्द होता. शेवटचे व्यंजन झिजत गेले आणि एकटा 'आय' उरला. हस्तलिखितात तो म्हणजे एक बुटकी उभी रेघ. दाट ओळीत ती शेजारच्या अक्षरांत हरवून जाई. म्हणून लेखनिक ती उंच काढू लागले आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून तशी चाल पडली. तो अहंकार नव्हता, वाचण्याची सोय होती. 'यू' तीन अक्षरांचा, तो हरवत नव्हता, म्हणून तो लहानच राहिला. जर्मन भाषेत उलट आहे: तेथे 'मी' लहान अक्षराने आणि आदरार्थी 'आपण' मोठ्या अक्षराने लिहितात. म्हणजे केशोरीच्या त्या मुलीच्या मनातला नियम जगात एका ठिकाणी खरोखर चालू आहे!

नामांचा सुकाळ आणि दुष्काळ

आज आपण शिकवतो तो नियम असा: वाक्याचे पहिले अक्षर मोठे, विशेषनामाचे मोठे, सामान्यनामाचे लहान. पण हा नियम इंग्रजीत फार जुना नाही.

न्यूटनचा प्रकाशावरील 'ऑप्टिक्स' हा इंग्रजी ग्रंथ १७०४ साली प्रसिद्ध झाला. त्याची मूळ प्रत पाहिली तर प्रकाश, किरण, काच, रंग ही साधी सामान्यनामे सर्रास मोठ्या अक्षरांनी छापलेली आढळतात. आजच्या पाचवीच्या वहीत न्यूटनने हा मजकूर लिहिला असता तर पान लाल झाले असते. त्या काळी इंग्लंडात महत्त्वाच्या, आणि पुढे पुढे जवळजवळ सगळ्याच, नामांना मोठे अक्षर देण्याची रीत होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती कळसाला पोचली आणि उत्तरार्धात झपाट्याने ओसरली. आकाशातील वीज आणि घर्षणाची वीज एकच हे दाखवणारा बेंजामिन फ्रँकलिन पेशाने मुद्रक होता. त्याला हा बदल मुळीच आवडला नाही. १७८९ साली कोशकार नोआ वेबस्टर याला लिहिलेल्या पत्रात त्याने तक्रार केली, की नामांची मोठी अक्षरे काढून टाकल्याने वाचणे अवघड झाले आहे. पण कोणी ऐकले नाही.

जर्मन भाषेने मात्र सर्व नामांना मोठे अक्षर देणे आजतागायत सोडलेले नाही. डॅनिश भाषेतही तसेच होते. तेथे १९४८ च्या शुद्धलेखन सुधारणेत ते रद्द झाले. फ्रेंचमध्ये वारांची, महिन्यांची आणि भाषांची नावे लहान अक्षराने लिहितात. इंग्रजीत ती मोठ्या अक्षराने लिहिली नाहीत तर चूक. खुद्द इंग्रजीतही सोमवार मोठा आणि उन्हाळा लहान! 'नदी' लहान, पण 'वैनगंगा नदी' असे पूर्ण नाव लिहिताना दोन्ही मोठे. 'माझी आई' म्हणताना आई लहान, तिला नावासारखी हाक मारली की मोठी. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांची तर प्रत्येकाची रीत वेगळी.

या सगळ्याच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे: नाव 'विशेष' कधी आणि 'सामान्य' कधी? तो वाटतो तितका सोपा नाही. १६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणारे चार गोल पाहिले. त्याआधी 'चंद्र' एकच होता. आता चंद्र अनेक झाले आणि विशेषनामाचे सामान्यनाम झाले. म्हणून आज खगोलशास्त्राच्या इंग्रजी लेखनात आपला चंद्र मोठ्या अक्षराने आणि गुरूचे चंद्र लहान अक्षराने लिहिण्याची पद्धत आहे. एका शोधाने व्याकरणही हलवले.

मराठीने काय घेतले, काय सोडले

इंग्रजांच्या सहवासात मराठीने लेखनाच्या बऱ्याच खुणा उचलल्या. आज आपण वापरतो ती पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० साली निघाले. पण विरामचिन्हे आली तरी मोठे अक्षर आले नाही. विरामचिन्हे अक्षरांच्या शेजारी ठेवता येतात. मोठ्या अक्षरासाठी मात्र दुसरी पूर्ण वर्णमालाच लागते. आधीच देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा यांसाठी छापखान्यात शेकडो खिळे लागत. त्यांची संख्या दुप्पट कोण करणार?

त्यामुळे आपले फारसे अडले नाही, पण कधी कधी अडते हेही खरे. 'किरण खिडकीतून आत आला' या वाक्यात सूर्याचा किरण आला की शेजारचा किरण? तलावाकाठी उभे राहून 'छोटा बगळा दिसला' असे वहीत लिहिले तर त्या जातीचा बगळा की आकाराने लहान बगळा? याच कारणाने इंग्रजीतील अनेक पक्षिनिरीक्षक जातीचे नाव मोठ्या अक्षरांनी लिहितात. आपण अवतरणचिन्ह देतो किंवा संदर्भावर सोडतो. संगणकाला मजकुरातील माणसांची आणि गावांची नावे ओळखायला शिकवताना मराठीत जी दमछाक होते, तिचेही एक कारण हेच. इंग्रजीत पहिले मोठे अक्षर संगणकाला खूण देते, मराठीत ती खूण नाही.

विज्ञानातील मोठे अक्षर

येथवर पाहिलेले मोठे अक्षर हा रिवाज आहे. चुकले तरी अर्थ सहसा बिघडत नाही. गावाचे नाव लहान अक्षराने लिहिले म्हणून पत्र दुसऱ्या गावाला जात नाही. पण विज्ञानात मोठ्या अक्षराने वेगळीच नोकरी पत्करली आहे. तेथे ते अर्थच वाहते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत मजकूर मराठीत असला तरी मूलद्रव्यांच्या संज्ञा रोमन लिपीतच असतात. मोठा 'सी' आणि लहान 'ओ' म्हणजे कोबाल्ट हा धातू. दोन्ही मोठे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. मोठा 'एच' आणि लहान 'एफ' म्हणजे हॅफ्नियम. दोन्ही मोठे म्हणजे हायड्रोजन फ्लोराइड, जो पाण्यात विरघळला की काच खातो. स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३-१४ च्या सुमारास अक्षरांच्या संज्ञा सुचवल्या, तेव्हा दोन उंचींची ही वर्णमाला त्याला आयती मिळाली. नागपुरात डॉ. रघुवीर यांनी मूलद्रव्यांना संस्कृत नावे दिली, ऑक्सिजनला 'जारक' आणि हायड्रोजनला 'उद्जन'. ती शाळांतून टिकली नाहीत; पण एक मौज लक्षात घ्यावी. देवनागरीत 'क', 'का', 'को' ही मात्रांमुळेच वेगळी दिसतात. तेथे उंचीचा भेद लागलाच नसता.

एककांचे पाहा. आपल्याच जिल्ह्यातील तिरोडा येथील औष्णिक वीज केंद्राची क्षमता ३३०० मेगावॉट आहे. मेगाचा 'एम' मोठा. तो चुकून लहान काढला तर मिलीवॉट होतात आणि ३३०० मिलीवॉट म्हणजे ३.३ वॉट, रात्री कोपऱ्यात लावून ठेवायच्या एलईडी दिव्याइतके. एका अक्षराच्या उंचीत शंभर कोटी पटींचा फरक! मराठीत 'मि' आणि 'मे' वेगळे असल्याने हा घोळ होत नाही. लहान 'के' म्हणजे किलो, मोठा 'के' म्हणजे केल्व्हिन. दुकानाच्या पाटीवर किलोग्रॅमची दोन्ही अक्षरे मोठी काढलेली दिसतात. ती मुलांना दाखवावी आणि काय चुकले ते विचारावे. आणखी एक गंमत अशी, की न्यूटन हा माणूस मोठ्या अक्षराने लिहायचा, 'न्यूटन' हे एकक पूर्ण लिहिताना लहान अक्षराने आणि त्याची संज्ञा पुन्हा मोठ्या अक्षराने. माणसाचे नाव एककाला दिले की ते सामान्यनाम होते, पण संज्ञेत त्याचा मान राखला जातो. लिटर हे काही माणसाचे नाव नव्हे. पण लहान 'एल' एक या आकड्यासारखा दिसतो, म्हणून १९७९ साली त्याला मोठ्या 'एल'चीही परवानगी मिळाली. सहाशे वर्षांपूर्वी 'आय' ज्या कारणाने उंच झाला, त्याच जातीचे हे कारण!

मेंडेलने १८६६ च्या आपल्या निबंधात वाटाण्याच्या प्रभावी गुणाला मोठे अक्षर आणि अप्रभावी गुणाला तेच अक्षर लहान दिले. दोन उंचींच्या लिपीचा याहून नेटका उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

शेवटी आपल्या सारस पक्ष्याकडे येऊ. गोंदिया जिल्ह्याच्या तलावांवर आणि धानाच्या बांध्यांत हा पक्षी अजून टिकून आहे. लिनियसने १७५८ साली त्याला 'अँटिगॉन' हे जातिनाम दिले. शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा, तो मोठ्या अक्षराने सुरू होतो. दुसरा जातीचा, तो लहान अक्षराने. सारस बराच काळ 'ग्रस' या प्रजातीत होता. २०१० च्या सुमारास डीएनएचा अभ्यास झाल्यावर अनेक सूच्यांनी त्याला 'अँटिगॉन' याच नावाच्या प्रजातीत हलवले. त्यामुळे त्याचे नाव झाले 'अँटिगॉन अँटिगॉन'. देवनागरीत दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. रोमन लिपीत पहिल्याचा 'ए' मोठा, दुसऱ्याचा लहान. कोणता शब्द प्रजातीचा आणि कोणता जातीचा, हे दुसरा शब्द एकटा भेटला तरी त्याची उंचीच सांगते.

हा नियमही असाच कायम चालत आलेला नाही. हूकर यांच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' या १८७२ ते १८९७ या काळात निघालेल्या ग्रंथात बहाव्याच्या 'फिस्टुला' आणि खैराच्या 'कॅटेचू' या जातिनामांना मोठे अक्षर दिलेले आहे. जुने नाव किंवा व्यक्तीचे नाव असेल तर वनस्पतिशास्त्रात तशी मुभा होती. पुढे सर्व जातिनामे लहान अक्षराने लिहिण्याचे ठरले. आमच्या पहिल्या शोधनिबंधात आम्ही एका शैवालाचे जातिनाम, ते एका शास्त्रज्ञाच्या नावावरून पडले म्हणून, मोठ्या अक्षराने लिहिले होते. ते हस्तलिखित लाल शाईत परत आले. आम्ही मान राखायला गेलो होतो. नियम मान पाहत नाही, स्थान पाहतो.

वही तपासताना

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवू लागले. घरी मराठी, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणारे सहा वर्षांचे मूल एकदम दोन उंचींच्या लिपीला सामोरे जाते. त्याच्या मातृभाषेत असा भेद नाही. त्याची चूक निष्काळजीपणाची असते असे नाही. ते अजून एका परक्या रिवाजाशी ओळख करून घेत असते. न्यूटनच्या काळी जे बरोबर होते त्यासाठी त्याला 'ढ' ठरवण्याआधी क्षणभर थांबावे, एवढेच आमचे म्हणणे. रिवाज शिकवू नये असे नाही. पुढे अर्ज, परीक्षा, नोकरी यांत तो लागतोच. पण रिवाज हा रिवाज म्हणून शिकवावा आणि जेथे मोठे अक्षर अर्थ बदलते तेथे मात्र कठोर व्हावे. गावाचे नाव लहान लिहिले तर पेन्सिलीने गोल करावा; कोबाल्टचा कार्बन मोनॉक्साइड केला तर लाल शाई काढावी.

वर्गात एक सोपा उपक्रम करता येईल. फळ्यावर तीन रकाने आखा: ओळखायला मदत करणारे मोठे अक्षर, मान म्हणून दिलेले मोठे अक्षर आणि अर्थ बदलणारे मोठे अक्षर. मुलांना औषधाचे खोके, विजेचे बिल, दुकानाची पाटी, पाठ्यपुस्तक यांतून उदाहरणे आणायला सांगा आणि प्रत्येक उदाहरण कोणत्या रकान्यात बसते यावर त्यांना भांडू द्या. काही उदाहरणे दोन रकान्यांत बसतील, काही कशातच नाही. तेथेच खरे शिक्षण सुरू होते.

केशोरीच्या बाईंना आम्ही पत्राने हे सारे कळवले. त्यांचे उत्तर आले. त्या मुलीला त्यांनी सांगितले, की 'आय' मोठा झाला तो मानासाठी नव्हे, हरवू नये म्हणून. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग मॅडम, आता छापील पुस्तकात तो हरवत नाही, तरी मोठाच का?"

या प्रश्नाला 'तसा नियम आहे' याखेरीज उत्तर नाही. पण आता ते उत्तर देताना बाईंना आणि आम्हालाही नियम कोठून आला ते ठाऊक आहे.